लाजाळूने लाजायचं सोडलंय, मेलं का आतून?

ग्रिलमधली_बाग:
दादर स्टेशनबाहेरून लाजाळूचं रोप आणलं त्याला पंधरा दिवस झाले. आम्ही लालबागला, खिडकी रस्त्यावर, खाली बस गेली की ग्रिल थरथरते आणि पहिले चार-पाच दिवस प्रत्येक बसला ते बिचारं मिटायचं, लेक आठवीत आहे ती अभ्यास सोडून बस मोजत बसायची. आता बस जाऊ दे नाहीतर ढोलताशे वाजू दे, ढिम्म. पानं मात्र हिरवीगार आहेत. आणि लेकीचं वेगळंच, म्हणते याला मेंदू नाही मज्जातंतू नाहीत मग हात लावलेला कळतो कुठे? मी कॉमर्सवाली, गप्प बसले.

खडूचा_तुकडा:
काही मेलं नाही ताई, सवय झालीय त्याला. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञ मोनिका गाग्लियानो आणि सहकाऱ्यांनी लाजाळूच्या कुंड्या 15 सेंटीमीटरवरून पुन्हा पुन्हा पाडून बघितल्या, 2014 ला छापून आलं. आधी पानं मिटली, मग मिटेनाशी झाली. दमली असतील म्हणावं तर वेगळ्या प्रकारे हलवल्यावर परत मिटली. 28 दिवसांनी पाडलं तरी बधली नाहीत. आणि कमी उजेडातल्या रोपांनी ही सवय लवकर लावून घेतली, कारण मिटलेलं पान उजेड कमी घेतं, आधीच उपाशी असलेल्याला ते परवडत नाही. तुमच्या खिडकीत ऊन येतं का? याला शिकणं म्हणायचं का यावर शास्त्रज्ञांची अजून जुंपलेली असते ते सोडा.
लेकीला सांगा देठाच्या बुडाशी बारीक फुगीर गाठ दिसेल ती बघ. टोकाला बोट लावलं की विजेचा संदेश तिथपर्यंत जातो, तिथल्या खालच्या बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर पडतं, मागोमाग पाणी जातं आणि त्या बाजूची हवा गेलेल्या ट्यूबसारखी गत होते, देठ पडतो. मज्जातंतू नसून वीज आहे! आपले जगदीशचंद्र बोस शंभर वर्षांपूर्वी कोलकात्यात याच झाडाचे विजेचे संदेश मोजत होते.

चाळीतला_बोका:
सर मग झुरळाला पण चपलेची सवय व्हायला पाहिजे ना, आमच्याकडची तर हात उचलायच्या आधीच मोरीत पसार 😂

खडूचा_तुकडा:
त्याच्या ढुंगणाला दोन शेपट्या असतात त्यावर बारीक केस, चपलेआधी चपलेची हवा पोचते. तो निरोप मेंदूची परवानगी मागायला न जाता थेट छातीतल्या मज्जातंतूंच्या गाठींकडे, म्हणजे पायांकडे जातो, सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास पळ सुरू. लाजाळूचा निरोप सेकंदाला काही सेंटीमीटरच सरकतो, त्याला कुठे पळायचंय. आणि चपलेची सवय झालेली झुरळं पुढे पिल्लं घालायला उरत नाहीत रे.

माझगावची_काकू:
आमची आजी तिन्हीसांजेला झाडाला हात लावू द्यायची नाही, झोपलंय म्हणायची. आमच्या गल्लीतला पर्जन्यवृक्ष खरंच संध्याकाळी पानं मिटतो, खाली गाड्या लावणारे बघतच नाहीत. तेही लाजणंच का?

खडूचा_तुकडा:
देठाच्या बुडाची गाठ लाजाळूच्याच जातीची पण धक्का नको, आतलं घड्याळ चालवतं. 1729 ला फ्रान्समध्ये द मैरान यांनी लाजाळूसारखं रोप अंधारात ठेवलं, उजेड नसूनही पानं वेळेवर उघडत-मिटत राहिली. ग्रिलवाल्या ताई, पेन्सिलीच्या टोकाने हळूच टोचून बघा आणि कळवा, दुपारी बघा, रात्री नको.

ग्रिलमधली_बाग:
टोचलं! टोकापासून एकेक जोडी मिटत गेली, शेवटी देठच पडला. ऊन फक्त सकाळी तासभर येतं, तेवढं तुमचं बरोबर. खालून बस गेली तेव्हा बाकीच्या फांद्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. लेक आता पेन्सिल सोडत नाहीये, रोप वाचवायला कपाटावर ठेवलंय.

खडूचा_तुकडा:
अहो कपाटावर ऊन कुठलं!