जुना साहेब बाहेर खोटं सांगत फिरतो, तरी गप्प बसायचं?

ऐरोलीकर:
महाप्याच्या एका छोट्या कंपनीत मी अकाउंट्स बघत होते. पगारातून पीएफ कापला जायचा, स्लिपवर आकडाही दिसायचा, पासबुकात मात्र खडखडाट. विचारलं की "भरतोय, भरतोय". शेवटी रीतसर राजीनामा दिला. नोटीस पिरियड पूर्ण केला. टॅलीचा पासवर्ड, चेकबुकं, व्हाउचरच्या फायली, सगळं यादी करून सही घेऊन सोपवलं. आता साहेब रबाळे-महापे पट्ट्यात सांगत सुटलेत, की हिशेबात गोंधळ सापडला म्हणून आम्हीच तिला काढली. अकाउंट्सवालीबद्दल असं बोलणं म्हणजे सरळ पोटावर पाय. एका ठिकाणी पगारापर्यंत बोलणं आलं होतं, त्यांनी नंतर फोन उचलणंच बंद केलं. माझं मत स्पष्ट आहे: गप्प बसू नये. गप्प बसल्याने खोटं मागे पडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कसं ते सांगावं.

जुना एमआयडीसीकर:
ताई, राग रास्त आहे, तरी भांडू नका. ही लाइन छोटी. व्हेंडर तेच, सीए तेच, ट्रान्सपोर्टवाले तेच. तुम्ही उलट बोललात की लोक "दोघांचंही काहीतरी असणार" म्हणून मोकळे होतात. मी स्वतः माणसं घेतो. मुलाखतीत जुन्या मालकाचा पाढा वाचणाऱ्याला घ्यायला माझा हात धजत नाही. वर्षभरात सगळं विसरलं जातं.

वागळे इस्टेट:
वर्षभर घर कोण चालवणार, दादा? वकिलाची नोटीस पाठवा. बदनामीला भारतीय न्याय संहितेचं कलम 356 आहे, 2 वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. आणि नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याची मुदत 1 वर्षाचीच. विसरलं जाईपर्यंत थांबलात तर तो रस्ताही बंद.

कोपरखैरणे_एचआर:
नोटीस पाठवायला हरकत नाही, पण ती टिकणार कशावर? साहेब फोनवर बोलले. ज्याने ऐकलं तो कोर्टात येऊन सांगेल? वर ते म्हणणार, समोरच्याने विचारलं म्हणून सद्भावनेने सांगितलं, आणि कायद्यात तसा अपवाद आहे. बॅकग्राउंड चेकमध्ये आम्ही काय विचारतो ते सांगते: रुजू आणि सोडल्याची तारीख, पद, सोडण्याचं कारण, पुन्हा घ्याल का. म्हणजे खरी लढाई "कारण" या एका रकान्याची आहे. कंपनीला साधा मेल टाका. राजीनामा, तो स्वीकारल्याचा मेल आणि सोपवल्याची सही केलेली यादी जोडा, आणि विचारा, तुमच्या नोंदीत माझं सोडण्याचं कारण काय आहे ते लेखी कळवा. चिडका शब्द एकही नको. ज्याने राजीनामा लेखी स्वीकारला, त्याला "काढली" असं लिहून देणं जड जातं.

जुना एमआयडीसीकर:
हे पटलं. मात्र त्या मेलमध्ये पीएफ घालू नका. साहेब म्हणतील, सूड उगवतेय.

वागळे इस्टेट:
सूड कसला? स्वतःचेच पैसे आहेत. महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. कामगाराच्या पगारातून कापून न भरणं हा कायद्याने फौजदारी विश्वासघात धरला जातो. साहेबांना चोरी झाकायचीय म्हणून तर ते तुम्हाला चोर ठरवतायत. हे वेगळं ठेवलंत तर मुळावर कोणी बोलणारच नाही.

कोपरखैरणे_एचआर:
मुळावर बोलायचंच, पण ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, तक्रार पोर्टलवर. सॅलरी स्लिपा आणि पासबुक जोडलं की तिथे कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची वेळच येत नाही.

ऐरोलीकर:
दोन्ही करते. मेल वेगळा, तक्रार वेगळी. पण एमआयडीसीकर दादांचं एक मला मान्य नाही. पुढच्या मुलाखतीत बॅकग्राउंड चेकची वाट न बघता मी आधीच सांगणार: "मी राजीनामा दिला, हा स्वीकारल्याचा मेल. तिकडून वेगळं ऐकू आलं तर मला विचारा." हे पाढा वाचणं नाही. आणि साहेबांना वाटतंय की प्रश्न माझ्या एकटीचा आहे. पॅकिंग सेक्शनमधल्या मावशींचेही पैसे कापले जातात, त्यांना पासबुक कसं बघायचं तेच कोणी दाखवलेलं नाही. रविवारी घणसोलीला जाऊन त्यांच्या फोनवर उघडून देणार आहे. त्यांची तयारी असेल तर त्यांच्याही तक्रारी जातील.

जुना एमआयडीसीकर:
त्यांची नोकरी अजून तिथेच आहे, ताई. नावं टाकण्याआधी त्यांना हे नीट समजावून सांगा.