मदत हवी आहे: प्रेस महिनाभर बंद, पगार आणि रजा कशी लावायची?

नेहा_परळ
सोमवारपासून आमची प्रेस बंद राहणार आहे. इमारतीची दुरुस्ती निघालीय, जिन्याखाली लोखंडी टेकू लागलेत, मीटर रूमला कुलूप. वीजच नाही तर मशीन कसली चालणार. शेठ म्हणतात, आधी शिल्लक रजा वजा कर, मग अर्धा पगार लाव. माणसं म्हणतात, रजा गणपतीला गावी जायला राखून ठेवलीय. मला उद्या हजेरीपुस्तकात काय लिहू ते हवंय. नुसतं 'वकिलाला भेटा' नको, प्लीज.

सात्विक_ठाणे
माणसं किती? कारखाना परवाना आहे की गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी)? नेमणूकपत्रं दिलीत का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

पुठ्ठेवाला
अर्धा पगार बरोबर आहे. लॉकडाऊनमध्ये मी सगळ्यांना पन्नास टक्केच दिले, कोणी चूं केलं नाही. काम नाही तर दाम नाही.

भाऊ_गिरणगाव
चूं केलं नाही कारण पोटाला चिमटा होता, शेठ. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हाही मालक असंच बोलत होते. तेव्हा आमचे संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत...

सात्विक_ठाणे
भाऊ, गिरण्यांचा धागा वेगळा काढा ना. पुठ्ठेवाले, लॉकडाऊनचं उदाहरण इथे चालत नाही. २९ मार्च २०२० चा पूर्ण पगाराचा केंद्राचा आदेश मेमध्येच मागे घेतला, आणि १२ जूनला सुप्रीम कोर्टाने मालक-कामगारांनी बोलून मिटवा म्हटलं. 'पन्नास टक्के' हा नियम त्यातून आलेलाच नाही.

नेहा_परळ
माणसं १४. ऑफसेट आणि बायंडिंग. गुमास्ता आहे. नेमणूकपत्र कोणालाच नाही. दोघं सहा महिन्यांपूर्वीच लागलेत. लोअर परळ.

सात्विक_ठाणे
हे आधी सांगायचंत! ले-ऑफचा (काम देता येत नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवण्याचा) अर्धा पगार, म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या ५० टक्के, हा नियम ५० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना. तिथेही वर्षभराची सलग नोकरी हवी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हेच होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ५० चाच आकडा आहे. तुमच्या १४ जणांना तो लागू नाही.

पुठ्ठेवाला
म्हणजे काहीच द्यायला नको! मी तेच म्हणत होतो.

सात्विक_ठाणे
उलट आहे हो. फायरस्टोनच्या १९७६ च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की करारात, स्थायी आदेशात (कंपनीच्या मंजूर सेवा-नियमांत) किंवा कायद्यात अधिकार नसेल तर मालकाला ले-ऑफ देता येत नाही. तुमच्याकडे तर नेमणूकपत्रच नाही, अधिकार लिहिणार कुठे? कोणी तक्रार केली तर पूर्ण पगाराचा मुद्दा निघू शकतो.

रजेचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात (तो आधी १० किंवा जास्त माणसांना होता, २०२५ च्या दुरुस्तीपासून २० किंवा जास्त माणसांना; म्हणजे तुमच्या १४ जणांना आता सक्तीचा नाही, पण रजा त्याच हिशोबाने देत असाल तर) वर्षाला ८ सीएल म्हणजे किरकोळ रजा, वर्षात २४० दिवस काम केलं की दर २० दिवसांना एक हक्काची रजा, ती ४५ पर्यंत साठते. सीएल मात्र वर्षअखेर जाते. म्हणून कोणी आपणहून मागितलीच तर आधी सीएल लावा, साठलेली गणपतीला राहू द्या. पण अर्ज लेखी घ्या. तुम्ही मनाने वजा करू नका.

शिल्पा_डोंबिवली
वर्क फ्रॉम होम द्या ना सरळ!

नेहा_परळ
ताई, ऑफसेट मशीन डोंबिवलीच्या लोकलमध्ये चढेल का?

जुना_बायंडर
हसू नका, बायंडिंग घरी होतं. फॉर्म दुमडणं, पिन मारणं, नंबर टाकणं, अर्धी चाळ हेच करून जगली. छपाईसाठी दुसऱ्या प्रेसची रात्रपाळी मागा. आमच्या शेठने पूर्वी तसंच केलं होतं, माणसंही आपलीच नेली होती. पगारही बुडला नाही आणि गिऱ्हाईकही तुटलं नाही.

रोहन२२
माझा पीएफ क्लेम दोनदा रिजेक्ट झालाय, बँकेचं नाव जुळत नाही म्हणतात. काय करू?

भाऊ_गिरणगाव
नेहाताई, शेठला सांगा, पूर्ण पगार नाही जमत तर सगळ्यांना एकत्र बसवून ठरवा आणि सह्या घ्या. एकेकाला केबिनमध्ये बोलावू नका, तिथूनच तंटे लागतात. आणि ठरलेला पगार ७ तारखेच्या आत हातात पडू द्या.

नेहा_परळ
रात्रपाळीचं शेठला आत्ता फोनवर बोलले, ते वडाळ्यात एकाला विचारतायत. पण हजेरीत सोमवारपासून काय लिहू? 'गैरहजर' लिहायला सांगतायत.

सात्विक_ठाणे
गैरहजर अजिबात नको. कामगार यायला तयार आहे, बंद मालकाने ठेवलंय. शेरा 'आस्थापना बंद' असा आणि दुरुस्तीची नोटीस सोबत लावून ठेवा. नव्या दोघांनाही तेच.

मंडळाचा_पक्या
ओ ताई, लोअर परळची कुठली प्रेस? आमच्या मंडळाची पावती पुस्तकं तुमच्याकडे तर नाहीत ना? ॲडव्हान्स दिलाय आम्ही!