निर्यातीमुळे कारखाना सुधारतो, की सुधारलेले कारखानेच निर्यात करतात?

काजू-वेंगुर्ले: नमस्कार. आमचा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना असून आजवर सगळा माल देशातच विकला. आता एक निर्यातदार परदेशी प्रतवारीप्रमाणे गर मागतो आहे. कामगारांचे म्हणणे असे, की अख्ख्या गरावर इतका भर दिला तर दिवसाचे किलो घटतील. शिवाय स्थानिक बी संपली की आफ्रिकेतून आलेली बी घ्यावी लागते, आणि तिच्यामुळे दर पडतात ही बागायतदारांची तक्रार मला रास्त वाटते. निर्यातीने उत्पादकता खरोखर वाढते का?

अध्यापक-रत्नागिरी: आपण शीर्षकात विचारलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अमेरिकेतील चांगले कारखाने निर्यातीला लागण्याआधीच चांगले होते, हे बर्नार्ड आणि जेन्सन या अर्थतज्ज्ञांनी १९९९ मध्ये दाखवले. परदेशी बाजारात उतरण्याचा खर्च ज्यांना झेपतो तेच तिथे जातात. त्यामुळे निर्यातदार आणि इतर यांची नुसती तुलना करून काहीच सिद्ध होत नाही. आपल्या प्रश्नाला अधिक जवळचा आहे तो इजिप्तमधील लहान गालिचा-उत्पादकांवरचा, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अ‍ॅटकिन, खंडेलवाल आणि उस्मान यांचा प्रयोग. त्यांनी निर्यातीची संधी कोणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवले, म्हणजे निवडीचा प्रश्नच मिटला. संधी मिळालेल्यांचे तासाला होणारे विणकाम घटले, कारण माल अधिक बारकाईचा होता. पण सर्वांना एकाच नमुन्याचा गालिचा विणायला दिला तेव्हा त्यांनी तेवढ्याच वेळात सरस माल काढला. आपले कामगार सांगतात ते किलोंच्या हिशेबाने बरोबर आहे, मात्र केवळ किलो मोजले तर हातात आलेले कसब हिशेबात येतच नाही.

लोटे-एमआयडीसी: आयातीची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. भारताचे सरासरी आयातशुल्क १९९० मध्ये ८० टक्क्यांहून अधिक होते, ते १९९६ पर्यंत सुमारे ४० टक्क्यांवर आले. टोपालोवा आणि खंडेलवाल यांच्या अभ्यासानुसार स्पर्धेमुळे कारखान्यांची उत्पादकता वाढलीच, पण कच्चा माल व सुटे भाग स्वस्त झाल्याचा परिणाम त्याहून मोठा होता. परदेशी गुंतवणुकीबद्दल मात्र मी सावध आहे: व्हेनेझुएलात परदेशी गुंतवणूक आली त्याच उद्योगातील देशी कारखान्यांची उत्पादकता घटली, तर लिथुआनियात परदेशी कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांची वाढली. आमच्याकडेही शेजारी मोठी कंपनी आल्याने काही शिकायला मिळत नाही. तिची ऑर्डर मिळाली आणि तिच्या तपासणीत माल नापास झाला, म्हणजे शिकणे सुरू होते. बागायतदारांच्या नुकसानीचे उत्तर या आकड्यांत नाही, तो प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागेल.

काजू-सावंतवाडी: पहिली ऑर्डर लहान घ्या. स्थानिक आणि परदेशी बीचा हिशेब वेगवेगळा ठेवून ८० किलोच्या पोत्यामागे एकूण गर किती, त्यात अख्खा किती, पाकळी (उभे दोन भाग झालेला गर) व तुकडा किती, हे रोज लिहा. आमच्याकडे बी वाफवल्यावर पुरेशी निवू न देता फोडली जात असे, आणि तुकडा त्यातूनच वाढत होता. निर्यातदाराने माल परत केल्यावर ते शोधावे लागले.

काजू-वेंगुर्ले: आभारी आहे. नोंदी या हंगामापासून सुरू करतो. प्रतवारी करणाऱ्या बायकांची मजुरी किलोवर आहे. ती अख्ख्या गराशी जोडली तर त्यांचे नुकसान होणार नाही, असा दर कसा बसवावा?