सर्फबोर्डला मधोमध घडी पडलीये, कार्बन फायबर लावू का साधं ग्लासच (फायबरग्लासचं कापड)?

खारट_पाय
मंडळी मदत हवीये. सहा फूट दोन इंचाचा सेकंडहँड बोर्ड आहे, परवा लाट बरोब्बर डोक्यावर फुटली आणि वर आलो तर बोर्ड दोन तुकडे नाही झाला, पण मधोमध आडवी घडी. डेकवर (वरच्या बाजूला) एका रेलपासून, म्हणजे कडेपासून, दुसऱ्या रेलपर्यंत फायबर सुरकुतून उभं राहिलंय, नखाने दाबलं की टकटक वाजतं, आणि खालच्या बाजूला केसाएवढी भेग. नोज (पुढचं टोक) धरून हलवला की कुरकुरतो. लाकडी स्ट्रिंगर (बोर्डाच्या मधोमध लांबीत जाणारी पट्टी) मोडलाय का आतून ते कळत नाही.

माझा प्लॅन असा की घडीवर कार्बन फायबरच्या दोन-तीन पट्ट्या लांबीत टाकायच्या म्हणजे परत तिथे मोडायचा प्रश्नच नको. घरी पॉलिस्टर रेझिनचा (कापड चिकटवून कडक होणारा द्रव) अर्धा डबा पडलाय तोच वापरीन म्हणतो. पृष्ठभाग कोरडा दिसतोय, उद्याच बसू का करायला?

सँडपेपर_ऐंशी
थांब थांब, डबा उघडू नकोस. आधी सांग आत फोम कुठला आहे. पीयू असेल, म्हणजे पॉलियुरेथेन, तर पॉलिस्टर चालेल. पण ईपीएस असेल, आपल्या थर्माकोलचाच भाऊ, तर पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरिन तो फोम खाऊन टाकतं, डोळ्यांदेखत खड्डा पडतो आणि भेगेच्या जागी तुला गुहा मिळेल.

ओळखायचं कसं तर भेगेतून तांदळाएवढा फोमचा कण काढ आणि लोखंडी झाकणात ठेवून त्यावर ॲसिटोनचा थेंब टाक. विरघळून चिकट झाला तर ईपीएस, तसाच राहिला तर पीयू. चाचणी बाहेर करायची, थेट भेगेत ॲसिटोन ओतायचं नाही (हसू नका, ओतलेला माणूस मला माहितीये). नुसतं बघूनही कळतं बऱ्याचदा, ईपीएसचे साबुदाण्यासारखे दाणे दिसतात, पीयू बारीक पिठूळ असतो आणि जुना झाला की पिवळा पडतो.

बोर्ड २००५ च्या आधीचा असेल तर पीयूची शक्यता जास्त. त्या डिसेंबरात बोर्डांसाठी पीयू फोम बनवणारा अमेरिकेतला क्लार्क फोम कारखाना एका दिवसात बंद झाला आणि त्यानंतर बऱ्याच शेपरनी (बोर्ड घडवणाऱ्यांनी) ईपीएस फोम आणि एपॉक्सी, म्हणजे दुसऱ्या जातीचं रेझिन, हातात घेतलं.

शंका असेल तर सरळ एपॉक्सी घे, ते दोन्हीवर चालतं. उलटं मात्र नाही, एपॉक्सीच्या बोर्डवर पॉलिस्टरचा पॅच नीट धरत नाही, फोमला काही नाही झालं तरी.

ओली_वाळू
"पृष्ठभाग कोरडा दिसतोय" वाचून पोटात गोळा आला. मीसुद्धा हेच म्हणाले होते. टेलला (मागच्या टोकाला) छोटं भोक होतं, वरून कोरडं ठणठणीत, पॅच मारला, मस्त चकचकीत, फोटोबिटो काढले. आठवड्याने बोर्ड दुपारभर उन्हात राहिला आणि पॅचच्या बाजूला पुरीसारखा फुगला. आतल्या पाण्याची वाफ आणि गरम झालेली हवा, जायला जागा नाही, मग तिने फोमवरून ग्लासच उचललं. भोक तीन इंचांचं होतं, डिलॅमिनेशन (ग्लास फोमपासून सुटणं) निघालं वीतभर.

तर आधी गोड्या पाण्याने भेग धू, कारण मीठ आत राहिलं की ते हवेतला ओलावा ओढत बसतं. मग भेग खालच्या बाजूला येईल असा बोर्ड सावलीत, वारा लागेल तिथे टेकवून ठेव. उन्हात नको, बंद गाडीत तर अजिबात नको. पंखा चालेल. किती दिवस ते बोर्डलाच विचारायचं, म्हणजे रोज वजन कर आणि वहीत लिही. चार दिवस आकडा हलला नाही की कोरडा. ईपीएसच्या दाण्यांमधल्या फटींत पाणी शिरलं असेल तर आठवडेच्या आठवडे जातात.

आणखी एक गावठी उपाय, भेगेला ओठ लावून चोखून बघायचं. खारट लागलं तर अजून पाणी आहे. घाण वाटतं पण खोटं बोलत नाही. रेझिन, ॲसिटोन काहीही लागायच्या आधी मात्र.

घाईचा_गणपा
एवढं काय घाबरवताय त्याला, एपॉक्सी घे, हार्डनर थोडा जास्त टाक, दोन तासांत दगड होतं, संध्याकाळी पाण्यात 😄

सँडपेपर_ऐंशी
गणपा भाऊ हे लिहू नका हो, कोणीतरी खरंच करेल. पॉलिस्टरमध्ये कॅटॅलिस्ट (घट्ट करणारं रसायन) साधारण एक ते दोन टक्के जातो आणि हवामान बघून थोडं इकडेतिकडे चालतं. एपॉक्सीत हार्डनर म्हणजे मालाचाच मोठा हिस्सा, तो रेझिनच्या रेणूंना जोडला जातो, जास्त झाला तर जादाचा तसाच राहतो आणि पॅच कायमचा रबरी. डब्यावर दोनास एक लिहिलंय तर दोनास एकच, आणि ते मापाने का वजनाने तेही वाचायचं. घाई असेल तर खोली थोडी गरम ठेवा. आणि खोल कपात भरपूर कालवून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते, माझा कप एकदा धूर सोडायला लागला होता आणि खालचा प्लास्टिक ट्रे वितळला. पसरट भांड्यात ओतायचं.

रेल_टू_रेल
कार्बनबद्दल कोणी बोललंच नाही, मी बोलतो. मीही त्याच मोहात पडलो होतो, काळी पट्टी दिसते झकास. पण कार्बन ग्लासपेक्षा तिपटीहून जास्त ताठ आणि ताणला की खूप आधी तुटतो. शेजारी शेजारी दोन्ही असले की सगळा भार आधी कार्बनवर. तू घडीवर आखूड ताठ पट्टी टाकलीस तर तो भाग वाकणारच नाही आणि पुढच्या दणक्याला बोर्ड पट्टी जिथे संपते तिथे मोडेल. माझा तसाच मोडला, दुरुस्ती शाबूत आणि चार बोटांवर नवी घडी. वापरायचाच असेल तर पट्टी लांब ठेव, टोकं निमुळती काप आणि वर ग्लास टाक, नाहीतर सँडिंगमध्ये कार्बनच कापला जाईल. वर परत काळा उन्हात तापतो, पाय घसरू नये म्हणून लावलेलं वॅक्स वितळतं. केवलारचं (तसाच एक मजबूत धागा) तर नावच नको, घासला की कापसासारखा पिंजतो.

मी काय करीन ते सांगतो. वॅक्स पूर्ण काढायचं. सुरकुतलेलं ग्लास कटरने उडवायचं, पार जिथे ते फोमला घट्ट धरून आहे तिथपर्यंत. हे करताना जीव कासावीस होतो, छोट्या घडीचं भगदाड होतं, पण सुटलेल्या ग्लासवर पॅच म्हणजे भिंतीच्या पोपड्यावर रंग. स्ट्रिंगर तेव्हाच दिसेल. मोडला असेल तर एपॉक्सी भरून बोर्ड सरळ धरायचा, म्हणजे दोन ठोकळ्यांवर ठेवून रॉकर (बोर्डाची लांबीतली कमान) तपासायचा, कारण वाकडा सुकला की वाकडाच राहणार.

खड्डा एपॉक्सीत मायक्रोबलून (हलकी पोकळ भुकटी) कालवून पुट्टीसारखा भरायचा. साधं रेझिन भरू नको, जड होतं आणि फोमपेक्षा इतकं टणक की घासताना आजूबाजूचा फोम खाली जातो आणि मधे उंचवटा राहतो. मग कडेचं जुनं ग्लास ८० नंबरच्या सँडपेपरने दोनेक इंच उतरतं घासायचं, इथेच सगळी ताकद आहे. पायरी राहिली की तिथून उचकटणार. त्यावर ६ औंसी (चौरस यार्डाला ६ औंस वजनाच्या) ग्लास कापडाचे दोन थर, एक लहान आणि एक त्याहून इंचभर मोठा, धागे स्ट्रिंगरच्या दिशेने, आणि खालच्या भेगेलाही तेवढंच. कापड पारदर्शक झालं की रेझिन पुरे, उरलेलं स्क्वीजीने (रबरी पट्टीने) ओढून काढ. पांढरं राहिलं तर कोरडं, चमकतंय आणि तरंगतंय तर जास्त. वरचा कोट पहिला थर चिकट असतानाच दिला तर मधे घासायला लागत नाही.

आणि मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. सँडिंगची भुकटी एकदा कोपराच्या घडीत गेली की दोन दिवस झोप नाही.

खारट_पाय
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय कारण बोर्ड सुकतोय अजून. ॲसिटोनची टेस्ट केली, कण दोन सेकंदांत शेंबडासारखा झाला. म्हणजे ईपीएस. पॉलिस्टरचा डबा मित्राला देऊन टाकला, त्याच्या होडीला लागेल.

वजन रोज लिहितोय. सहाव्या दिवशी वाटलं झालं, चोखून बघितलं तर खारट! अकराव्या दिवसापर्यंत एकूण ३४० ग्रॅम गेलं, काल आणि आज सारखंच. सुरकुतलेलं ग्लास कापलं, स्ट्रिंगर अर्धा चिरलाय, आरपार नाही. कार्बन कॅन्सल.

एकच विचारायचं राहिलं, रेलवर कापड वळवताना टोकं सारखी उचलली जातायत, ती कशी बसवू?

ओली_वाळू
कडेला बोटभर अंतराने काप दे म्हणजे वळतं. आणि रेझिन लावून लगेच ओढू नको, पाच मिनिटं कापडाला भिजू दे. तरी उचललंच तर वरून पातळ प्लास्टिकचा कागद ताणून टेप लाव, सुकल्यावर सोलून निघतो. अजून दोन दिवस वजन बघ पण, काल-आज सारखं म्हणजे माझ्या हिशोबाने निम्मंच कोरडं 🙂