नवा बेल्ट टाकला तरी चिरचिर चालूच, कुठे बघू?

देवरुखचा_मास्तर

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ सालची डिझेल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर झालेत. सकाळी शाळेत जायला निघालो की बॉनेटखालून चिर्‌-चिर्‌-चिर्‌ असा तुटक आवाज येतो. रेस दिली की चिरचिर जलद होते, सोडली की सावकाश. इंजिन तापल्यावर थोडी कमी होते, पण जात नाही. शाळेच्या फाटकातून आत शिरलो की मुलांना वर्गातच कळतं, आलो म्हणून.

गॅरेजवाला म्हणाला फॅन बेल्ट गेलाय. नवीन टाकला. जेमतेम आठवडाभर शांतता, मग परत तेच. आता तो टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली, बदलूया म्हणतोय. बदलायला हरकत नाही, पण तोही अंदाजानेच का?

एक गंमत. रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी गेली की आवाज एकदम बंद होतो. थोड्या वेळानं बेल्ट वाळला असेल तसा पुन्हा सुरू. एसी लावून बघितला, फरक नाही. स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे.

कुडाळी_कोंबडा

साबणाची वडी घ्या, चालू बेल्टला आतून टेकवा. आमच्याकडे सगळे रिक्षावाले हेच करतात. पाच रुपयांत काम.

सतरा_नंबरचा_पाना

मास्तर, साबण लावू नका. पावडर, खोबरेल, दुकानात बेल्टचा म्हणून मिळतो तो स्प्रे, यातलं काहीही नको. आणि कोंबडेबुवा, चालू बेल्टजवळ हात नेण्याचा सल्ला कुणाला देऊ नका, बोटं परत मिळत नाहीत. साबणानं आवाज जातो तो बेल्ट गुळगुळीत होऊन मुकाट घसरायला लागतो म्हणून. घसरणं चालूच. स्प्रे तर चिकटच, त्यावर आपली लाल माती बसली की खाचांमध्ये राळ तयार होते, ती खरवडायला मग माझ्यासारख्याला बसावं लागतं.

गॅरेजवाल्यांची एक खोड सांगतो, मी त्यांच्यातलाच आहे. ओरडतो बेल्ट, म्हणून बदलायचा बेल्ट. नव्या रबराच्या कडा शाबूत असतात तोवर आवाज दबतो, गिऱ्हाईक खूश. विहिरीवरची कप्पी तिरकी बसली असली तर दोर कितीही नवा आणा, ती कुरकुरणारच. बेल्टला स्वतःचा आवाज क्वचित असतो, तो ज्यांच्यावरून फिरतो त्या पुल्या त्याला ओरडायला लावतात.

आता तुमच्या गाडीचं. बेल्टचे आवाज मुख्यतः दोन जातींचे. एक लांब, सलग किंकाळी. गाडी चालू केल्या केल्या येते, किंवा एसी लावला की येते. ती म्हणजे ताण कमी आहे, बेल्ट घसरतोय. सकाळी ती जास्त, कारण स्टार्टरनं बॅटरीतून ओढलेला करंट अल्टरनेटर (बेल्टवर फिरून वीज बनवणारा) भरून काढत असतो, त्याच्यावर लोड असतो आणि त्यात रात्रीचं दव बेल्टवर. दुसरी जात म्हणजे तुमची: तुटक, ठेक्यात, रेसबरोबर जलद होणारी. तिथे बहुतेक वेळा एखादी पुली ओळीत नसते. बेल्टच्या रिबा, म्हणजे आतल्या अंगाच्या लांब धारा, पुलीच्या खाचेत सरळ उतरत नाहीत, कडेला घासून उतरतात आणि प्रत्येक वेळी चिरकतात.

पाण्याची गंमत म्हणालात ना, ती गंमत नाही, अर्धं निदान तुम्हीच सांगून ठेवलंय. कडेला पाणी लागलं की घासणं हलकं होतं, आवाज बंद. ताण कमी असता तर पाण्यानं बेल्ट आणखी घसरला असता नि आवाज वाढला असता. एसीच्या लोडनं फरक पडत नाही, तेही याच्याशीच जुळतं. पण रस्त्यावरचं पाणी नेमकं कुठे उडतंय ते आपल्याला दिसत नाही, म्हणून नीट करून बघा. इस्त्रीच्या वेळी वापरतात ती फवाऱ्याची बाटली घ्या, साधं पाणी भरा. इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता चालू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूला लांबून फवारा मारा, वायरिंगच्या सॉकेटवर नको. बाह्या दुमडा, गळ्यात मफलर-बिफलर नको. बेल्टच्या सरळ रेषेत उभं राहू नका. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, तो मध्येच सुरू होईल हेही ध्यानात ठेवा. आवाज थांबून परत आला तर पुली तिरकी. वाढला तर टेन्शनर किंवा बेल्टची लांबी.

लांबीवरून आठवलं, जुन्या बेल्टवरचा नंबर नव्याशी ताडून बघा. ६पीके१२०० असं काहीतरी असतं: सहा रिबा, पुढचा आकडा लांबी मिलिमीटरमध्ये. ‘थोडा मोठा आहे पण बसतो’ म्हणून टाकलेले बेल्ट मी पुष्कळ काढलेत. आणि भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला, असंही समजू नका. निओप्रीनचे बेल्ट असायचे तेव्हा ते भेगाळायचे. आता ईपीडीएम रबर असतं. ते सहसा भेगाळत नाही, नुसतं झिजतं. खाच खोल होते, रीब पुलीच्या तळाला टेकते, वरून बेल्ट नवाच दिसतो.

आणि मला हे सांगा: आवाज सुरू व्हायच्या आधी त्या बाजूला कुणी काय उघडलं होतं? एसी, अल्टरनेटर, वॉटर पंप, काहीही.

कर्वेनगर_डिझेल

पानाकाकांच्या म्हणण्यात एक भर. काही डिझेल गाड्यांत अल्टरनेटरची पुली एका दिशेला मोकळी सुटणारी असते, आत क्लच असतो. तो जाम झाला की टेन्शनर थरथरतो, बेल्ट फडफडतो, आणि लोक टेन्शनर बदलत बसतात. माझ्या गाडीत हेच होतं. बेल्ट काढून, अल्टरनेटरचा आतला भाग धरून पुली फिरवायची. एका दिशेला पकडायला हवी, उलट दिशेला मोकळी फिरायला हवी. दोन्हीकडे पकडत असेल किंवा दोन्हीकडे मोकळी असेल तर गेली.

देवरुखचा_मास्तर

काका, फवारा मारला. आवाज पटकन बंद, पाचेक सेकंदांत परत. पुन्हा मारला, पुन्हा तेच. बायको म्हणाली, गाडीला काय देवासारखं तीर्थ शिंपडताय.

बेल्टचा नंबर बरोबर आहे, सहा रिबा, लांबीही तीच. एका कडेची रीब मात्र किंचित झिजल्यासारखी वाटते, तिथून बारीक दोरा सुटलाय. पुली साधी आहे, क्लचवाली नाही, कर्वेनगरकरांचे आभार.

उघडलं होतं म्हणाल तर दिवाळीच्या सुमारास अल्टरनेटर. घरघर करत होता म्हणून ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बेअरिंग बदलून घेतल्या. पण तेव्हा तो आवाज गेला आणि चार्जिंगही चोख आहे, १४.२ व्होल्ट दाखवतो. त्याचा याच्याशी संबंध असेल?

सतरा_नंबरचा_पाना

असेल म्हणजे, मास्तर, तिथेच जा. टेन्शनरचे पैसे खिशात ठेवा.

चार्जिंग बरोबर आहे, कारण पुली दोन मिलिमीटर सरकली तरी अल्टरनेटर फिरतोच. वीज किती बनते याला ओळीशी देणंघेणं नाही. बेअरिंग काढायला पुली उतरवावी लागते. पुली आणि बेअरिंगच्या मध्ये शाफ्टवर बऱ्याचदा एक रिंग असते. ती तेलकट कापडात राहते, उलटी बसते, किंवा पुलीच दुसऱ्या गाडीची लागते. झिजलेली कड कुठली आहे? बेल्ट इंजिनाकडे ओढला जातोय की बाहेर, ते त्यावरून कळेल.

बघायचं कसं: इंजिन बंद, चावी काढून खिशात. बेल्ट काढण्यापूर्वी त्याच्या मार्गाचा मोबाईलवर फोटो काढा, नाहीतर बसवताना कोडं पडतं. मग लोखंडी पट्टी घ्या, लाकडी नको. खालच्या क्रँक पुलीच्या (इंजिन थेट फिरवतं ती) खाचेला आणि अल्टरनेटरच्या खाचेला लावून बघा. पुलीच्या तोंडावर भरवसा ठेवू नका, कडांची जाडी वेगळी असू शकते, खाचा ओळीत पाहिजेत. बेल्ट निघालाच आहे तर बाकीच्या पुल्याही हातानं फिरवा. आयडलर (बेल्टला नुसती वाट दाखवणारी) आणि टेन्शनरची पुली खरखर न करता फिरली पाहिजे. ती खूप वेळ मोकळी गरगरत राहिली तर खूश होऊ नका, आतलं ग्रीस सुकलेलं असतं.

बेल्ट नसताना गाडी दूर नेऊ नका. किती लांब जाता येईल ते त्या बेल्टवर काय काय आहे त्यावर ठरतं. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला ब्रेकचा व्हॅक्यूम पंपसुद्धा असतो. बेल्ट तुटला की बॅटरीचा दिवा लागतो, आणि चारदोन वेळा दाबल्यावर ब्रेकचं पेडल कडक. आंबा घाटात असं झालं तर काय होईल ते सांगायला नको. पंप वेगळीकडे असला तरी, वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिन तापून बसेल.

देवरुखचा_मास्तर

सापडलं. अल्टरनेटरची पुली साधारण दोन मिलिमीटर आत होती, पट्टी लावल्यावर फट सरळ दिसते. झिजलेली कडही इंजिनाकडचीच. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली, भांडायला नव्हे. त्यानं पुली उतरवली, मागे रिंग नाहीच. मापाची रिंग त्याच्याकडे नव्हती, म्हणून साखरप्याला लेथवाल्याकडून काढून घेतली. तो विचारत होता, दोन्ही तोंडं समांतर हवीत ना, हवीच म्हटलं, आता तुमच्या शाळेत शिकतोय ना मी.

पुली ओळीत आली. त्याच बेल्टवर चालू केली, चिरचिर पुष्कळ कमी, पण थोडी आहेच. म्हणजे अजून काही शिल्लक आहे का?

सतरा_नंबरचा_पाना

बेल्टची कड तिरकी घासली गेलीय, तो आता सरळ पुलीतही थोडा बोलणार. दोरा सुटलाय म्हणजे बदलाच, ठेवून उपयोग नाही. नवा टाकण्याआधी पुल्यांच्या खाचा जुन्या दात घासायच्या ब्रशनं कोरड्या साफ करा. उजव्या पुढच्या चाकाच्या आत बघा, बेल्टच्या बाजूचं काळं प्लास्टिकचं कव्हर आहे का. सर्व्हिसिंगला काढतात आणि दोन क्लिपा तुटल्या की परत लावत नाहीत. तुमचा बेल्ट रस्त्याच्या पाण्यानं भिजत होता, यावरून मला तर ते नसेलच असं वाटतं. तिथून चिखल थेट बेल्टवर येतो.

देवरुखचा_मास्तर

कव्हर एका क्लिपवर लोंबकळतंय! उद्या बसवतो.

तळेरे_फाटा

मध्येच विचारतो. माझ्या गाडीत एसीचा बेल्ट वेगळा आहे आणि त्याला टेन्शनरच नाही. ताण वाढवायचा कसा? बोल्ट कुठेच सापडत नाही.

सतरा_नंबरचा_पाना

वाढवायचा नसतो. तो ताणून बसवलेला लवचिक बेल्ट आहे, रबराच्या स्वतःच्या ताणावर चालतो. सैल झाला की नवा. बसवायला पुलीवर चढवायचं खास हत्यार लागतं, पेचकसानं कडेवरून ढकलून चढवू देऊ नका. आतली दोरी तुटते, वरून कळत नाही. आणि उतरवायचाच असेल तर जुना सरळ कापून काढतात, तो परत लावायचा नसतो.