तोळा दहाचा की बाराचा?

सातारकर मेट्रिक (मूळ पोस्ट): काल एका जुन्या वैद्यांची चिठ्ठी हातात पडली. गुळवेल दोन तोळे, सुंठ चार मासे, भस्म एक गुंज. 1956 साली मेट्रिकचा कायदा झाला, हे अजून गुंजाच मोजतायत! दहा ग्रॅमचा तोळा धरा आणि ही अडाणी मापं कृष्णेत सोडा.

वैद्यांची सून, मिरज: कृष्णेत आधीच काय काय सोडतात, त्यात ही भर नको. गप्प बसणार होते, पण "दहा ग्रॅमचा तोळा" वाचून राहवलं नाही. दहाचा तोळा सराफकट्ट्यावरचा, औषधाचा नव्हे. सरकारी योगसंग्रहात, म्हणजे आयुर्वेदिक औषधांच्या कृतींच्या पुस्तकात, गुंज 125 मिलिग्रॅम, आठ गुंजांचा मासा 1 ग्रॅम, बारा माशांचा तोळा म्हणजेच कर्ष 12 ग्रॅम, चार कर्षांचं पल 48. तुम्ही तोळा दहाचा करणार आणि गुंज तशीच ठेवणार, म्हणजे एकाच पुडीत एक औषध कमी पडलं आणि दुसरं पुरेपूर. काढ्याला तर ग्रॅम लागतही नाहीत. औषधाच्या सोळा पट पाणी, आठवा हिस्सा उरवायचा. आणि पसा, ओंजळ तुमच्या घरीही चालते ना? ग्रंथातली प्रसृत आणि अंजली तीच.

सातारकर मेट्रिक: म्हणजे ज्याचा पंजा मोठा त्याला डोस जास्त? वा!

वैद्यांची सून, मिरज: चरकाने माणसाचं रक्त त्याच्याच ओंजळीने आठ ओंजळी सांगितलंय. मोठ्या देहाला मोठी ओंजळ, यात हसण्यासारखं काय?

नर्सबाई, तासगाव: मी हसत नाही. माझी लेक तीन महिन्यांची होती. सासूबाई सहाणेवर बाळगुटी उगाळायच्या. वेखंड एक वेढा, हळकुंड दोन, जायफळ अर्धा. त्या दिवशी त्या गावाला गेल्या होत्या, जाऊबाईंनी उगाळली. त्यांचा वेढा सहाणेच्या काठाकाठाने, आणि जायफळाचे झाले तीन. पोर दुपारी झोपली ती दिवेलागणीलाही डोळे उघडेना, अंगावर घेतली तर तोंड लावेना. मिरजेपर्यंत मी तिच्या नाकाशी बोट धरून बसले होते. वाचली. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, हे मी आता रोज घसा फोडून सांगते. वेढ्याचे ग्रॅम किती, सांगा कुणीतरी.

वैद्यांची सून, मिरज: यावर मी काय बोलणार. वेढा हे माप नाही, हाताची सवय आहे. कबूल. पण त्यात तोळ्याचा काय गुन्हा?

विट्याचा गलाईवाला: तोळ्याचा गुन्हा आमाला विचारा की! सोन्याचा जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. आज्जीच्या पाटल्या मोडायला काढल्या, जुन्या पावतीवर पाच तोळे. सराफ म्हणतोय, पाच तोळे म्हंजे पन्नास ग्रॅम, आन लागला की हिशोब लिवायला. मी उभी हयात सोनं गाळायच्या मुशीपुढं घालवलेला माणूस. म्हणलं, काट्यावर ठेव. भरल्या 58 च्या वर! आठ ग्रॅमला टोपी घालणार हुता गडी.

ऊसवाला, वाळवा: आठ ग्रॅमचं काय घेऊन बसलाय राव. आमच्या दोन ट्रॉल्या खासगी काट्यावर अठरा टन, कारखान्यात सतराच्या आसपास. विचारलं तर म्हणे ऊस वाटेत वाळला. सात किलोमीटरात?

विट्याचा गलाईवाला: मग कारखान्यानं दुसरीकडचं वजन चालत न्हाई म्हणलं आसंल.

ऊसवाला, वाळवा: तेच की! वर, पटत नसेल तर ऊस परत न्या. तोडलेला ऊस परत नेऊन काय पूजा घालू?

सातारकर मेट्रिक: धागा औषधाचा आहे, मंडळी.

ऊसवाला, वाळवा: मग या दुखण्यावर किती गुंजा घेऊ तेवढं सांगा.

वैद्यांची सून, मिरज: एकही नको, गुंजेची बी विषारी असते.

सातारकर मेट्रिक: विषारी, वर प्रत्येक बी वेगळ्या वजनाची. आणि त्याने भस्म तोलायचं! तुमच्या घरात एक तरी पुडी धड काट्यावर चढली का?

वैद्यांची सून, मिरज: घरावर जायचं काम नाही! सासऱ्यांचा पितळी तराजू अजून आहे. लाल-काळ्या गुंजा कुलपातल्या डबीत, एकसारख्या निवडून ठेवलेल्या. दर खेपेला पारडं मलमलीने पुसून घ्यायचे, फुंकर मारलेली चालायची नाही. तरी सांगते, आता आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक काटाच आहे. चिठ्ठीवर गुंज, काट्यावर 125. झालं समाधान?

सातारकर मेट्रिक: हे आधी सांगितलं असतं तर एवढा घोळ झाला नसता. घ्या, पोस्टमध्ये दहाचे बारा केले. गुळवेल 24 ग्रॅम. आणि ओली घेतली तर दुप्पट, 48. मीही वाचतो म्हटलं थोडंफार.

वैद्यांची सून, मिरज: अर्धंच वाचलंत. गुळवेल, अडुळसा, कुडा, कोहळा, शतावरी ओलीच घ्यायची आणि दुप्पट करायची नाही. 24 च.

ऊसवाला, वाळवा: आन उसाला कुठला नियम?