लेकरासारखा विश्वास: तुमचे अनुभव लिहा

दांड्यावरची
काल रात्री लाईट गेली. अंधारातच लेकासोबत प्रार्थना म्हणत होती. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' इथं पोट्टं अडलं. "मम्मी, आजचीच काहून? उद्याची पण मागून ठेवू ना."
मला उत्तर सुचलं नाही, बाबांची सायकल आठवली. रविवारी इंदोऱ्याहून सदरला उपासनेला जायचो. पुढच्या दांड्यावर टॉवेल गुंडाळून बाबा मला बसवायचे. येताना मी हँडलवर डोकं टेकून झोपून जायची, घंटीची थंडगार वाटी गालाला लागायची. कोणत्या रस्त्यानं चाललो, कधी विचारलंच नाही. त्या वर्षी बाबांचं गिरणीतलं काम सुटलं होतं, हे मला दहावीत कळलं.
देवावर असं निर्धास्त टाकून दिल्याचे तुमचे अनुभव सांगा.

संत्रागोळी
टॉवेल!! आमच्याकडे उशी होती. पायाला मुंग्या आल्या तरी उतरायचं नाही.

नाईट ड्युटी
आई पाच दिवस व्हेंटिलेटरवर. पाठ असलेलं एकही स्तोत्र आठवेना. नुसतं 'बापा, बापा'. आपण नागपूरकर भाजीवाल्यालाही बापा म्हणतो, म्हणून नंतर मनाला लागलं. पाळक म्हणाले, येशूनं गेथशेमाने बागेत 'अब्बा' म्हटलं, तोही घरातलाच शब्द. मार्क १४:३६ बघा. आई घरी आली.

एकटा_एक
माझी बहीण नाही आली. मी पण तितक्याच विश्वासानं मागितलं होतं. दोन वर्षं चर्चची पायरी चढलो नाही.
स्तोत्र १३१ वाचा, तीनच वचनं आहेत. त्यातलं बाळ अंगावर पिणारं नाही, दूध तुटलेलं आहे. वहिनीनं पुतण्याचं दूध तोडलं तेव्हा मी घरीच होतो. पंधरा दिवस रडला, पदर ओढायचा, तिला मारायचा. मग एका दुपारी आला अन् काही न मागता तिच्या मांडीवर बसून राहिला. मी अजून त्या पंधरा दिवसांतच आहे.

नाईट ड्युटी
दादा, आज ड्युटीवर निघायच्या आधी तुमच्यासाठी गुडघे टेकते.

कुकरची शिट्टी
आम्हा कॅथलिकांची संत छोटी तेरेजा, फ्रान्समधल्या लिझ्यूची. १८९७ मध्ये २४ व्या वर्षी क्षयानं गेली. पवित्रतेचा जिना तिला चढवेना. तेव्हा श्रीमंतांच्या घरी लिफ्ट आल्या होत्या. ती म्हणाली, येशूचे हात हीच माझी लिफ्ट, म्हणून मी लहानच राहायला पाहिजे. आमच्या आजीचे गुडघे गेलेत, तीपण हेच म्हणते. तिसरी झाली, येते.

जुना विद्यार्थी
लेकरासारखं म्हणजे डोकं बाजूला ठेवणं नव्हे हं. पौल सांगतो, दुष्टपणात बाळ व्हा, समजुतीत प्रौढ (१ करिंथ १४:२०). स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथं सुवार्ता सांगायला आले अन् नागपूरचे दगड, जीवाश्मही गोळा करत राहिले. नवल अन् अभ्यास एकाच माणसात.

संत्रागोळी
ताई, इंदोऱ्यात कुठं? आम्ही दहा नंबर पुलियाजवळ. तुमच्या बाबांची सायकल हिरवी होती का?

दांड्यावरची
हिरवीच! चेनकव्हर वाजायचं.
@एकटा_एक, तुमचं लेकाच्या बाबांना वाचून दाखवलं. दोघंही बराच वेळ बोललो नाही.